अंगठा उमटेना

आबांचा अंगठा झिजलाय. आधी सूतगिरणीत तुटलेले धागे जोडले, मग औशाच्या शिवारात तुरी काढल्या; रेषा राहणार कुठून? लातूरच्या यंत्राला मात्र रेषाच हव्यात. रेषा नाहीत, म्हणजे आबा नाहीत. "आरं, म्या समोर बसलोय की!" आबा खेकसले. टेबलामागच्या पोरानं अंगठा पुसला, काच पुसली आणि म्हणाला, "सिस्टिम घेईना, आजोबा. नांदेडला बघा."

आबा जिवंत आहेत का हे बघायला मग आम्ही एसटीनं नांदेडला निघालो. आबांचं निम्मं तिकीट, माझं पूर्ण. पेन्शन महिना 1000 रुपये. कामगारांच्या ईपीएस-95 पेन्शन योजनेची ही किमान रक्कम सप्टेंबर 2014 मध्ये ठरली. अंगठा लावून मिळणारा हयातीचा डिजिटल दाखला त्याच वर्षी नोव्हेंबरात आला. मध्ये हजाराची नोट गेली, हजाराची पेन्शन राहिली.

वाटेत टोल लागला आणि मला कॅनडातला म्हातारा आठवला. ओळख नाही, पण संबंध दाट आहेत. तिकडं म्हातारे वाढले, पोरं घटली. म्हणून कमावत्यांच्या पगारातून कापलेला पैसा त्या देशानं साठवला आणि जगभर लावला. त्यातला काही आपल्या देशातल्या टोलरस्त्यांतही आहे. गाडी आपली, खड्डे आपले, वर्गणी त्याच्या म्हातारपणाला! वर त्याच्याच देशाचा पिवळा वाटाणा. डिसेंबर 2023 मध्ये त्याच्यावरचं आयातशुल्क शून्य झालं आणि बोटी भरभरून आला. हा स्वस्त वाटाणा डाळीत शिरला, बेसनात शिरला, की तुरीला भाव कुठून मिळणार? आणि तूर कोणाची? आबांची. त्या वाटाण्याला बंदरावर कुणी अंगठा मागितला? टोलमधल्या डॉलरला कुणी विचारलं, बाबा, तू हयात आहेस का? सातासमुद्रापलीकडचं सगळं बिनदाखल्याचं आत येतं, आणि औशाचा माणूस हजार रुपड्यांसाठी, आपण अजून मेलो नाही म्हणून, चोरासारखा तोंड पाडून दारोदार फिरतो. लाजा कशा वाटत नाहीत? देश तरुण आहे म्हणून छाती फुगवता. हे तरुण काय जन्मभर तरुणच राहणार आहेत? बिनपेन्शनीचे अंगठे तयार होतायत गावोगाव, त्यांच्यासाठी कुणी दमडी तरी बाजूला टाकलीय?

नांदेडच्या यंत्रानंही अंगठा नाकारला. तिथल्या बाईंनी मोबाईल पुढं धरला. "बाबा, आता चेहऱ्यावरही होतं. डोळे मिटून उघडा."

आबांनी मिटले. उघडेनात. पहाटेपासूनचे दमलेले, बसल्या जागी घोरायला लागले.

"उठवा हो त्यांना," बाई म्हणाल्या, "घोरणं चालत नाही."