बसल्या बसल्या तर शिवायची!

सुरतच्या नवागामात गल्लीगणिक एक तरी अशी वहिनी सापडते. माहेर-सासर दोन्ही खानदेशात, उधना-जळगाव रेल्वेच्या वाटेवर. नवरा रिंगरोडच्या कापड मार्केटात आणि घरी साड्यांना टिक्क्या लावायचं काम. शेठनं नगामागे चार आणे कापले, तर वहिनी गठ्ठा तसाच परत धाडते. "हाताची मेहनत आहे, फुकट नाही!" हे तिनं अस्सल गुजरातीत सुनावलेलं अख्ख्या गल्लीनं ऐकलेलं असतं.

हीच वहिनी लेकीच्या लग्नात द्यायला गोधडी शिवायला टाकते, तेव्हा तिच्या अंगात शेठ संचारतो. गोधडीवाल्या मावशीपुढे ती गाठोडं सोडते. सासूचं मऊ सुती नऊवारी, दोन धोतरं आणि "वरून जरा चमक हवी" म्हणून मार्केटातल्या दोन पॉलिस्टर साड्या. त्या निसरड्या साड्या थरात एका जागी राहत नाहीत, मावशी टाचून टाचून थकते.

"कापड माझं. दोरा फार तर शंभराचा. उरलं काय? बसल्या बसल्या तर शिवायची! आणि आपण काय परके आहोत?" मग फुलाफुलांच्या ब्लँकेटचा भाव निघतो. मशीननं विणलेलं ते ब्लँकेट पाचशेला मिळतं, हा वहिनीचा हुकमी एक्का.

मावशीचं उत्तर वर्षानुवर्षं एकच: "द्या काय द्यायचं ते." एवढं महाग वाक्य अख्ख्या कापड मार्केटात कुणी बोलत नसेल. तिच्या या भिडेवरच तर वहिनीचा सगळा हिशेब उभा.

यंदा मात्र मावशीची कॉमर्सवाली नात मध्ये पडली. "गोधडी 5 फूट बाय 7 फूट. बोटभर अंतरानं धावदोऱ्याच्या 75 ओळी धरा. एका ओळीत दोनशेवर टाके. म्हणजे झाले 15,000. टाक्याला 10 पैसे लावले तरी 1,500 रुपये. काकू, तुम्ही टिक्कीचे पैसे नगावर घेता ना?"

वहिनी गप्प झाली. नगाचा हिशेब तिला तोंडपाठ, त्यात खोट काढणार कशी? तिनं गोधडीवरून हात फिरवला, बोटानं अंतर मोजलं आणि मावशीकडे झुकून हळूच म्हणाली, "मावशी, टाके जरा लांब लांब घाला ना!"