नांगर टाकलेला नाताळ

मला काहीही लागतं. एसटी लागते, घाटातली रेल्वे लागते, एका साखरपुड्यात तर झोपाळा लागला होता. त्यामुळे बोटीवर जन्म काढलेल्या खलाशांकडून नाताळच्या आठवणी ऐकायला रत्नागिरीला जातोय म्हटल्यावर घरात हशा पिकला. माझा बेत मात्र साधा होता. कोणाच्या तरी पडवीत बसायचं, चहा प्यायचा, ऐकायचं आणि परत यायचं.

नाताळच्या आठवड्यात कोकण रेल्वेतून सगळी मुंबई गोव्याला निघते, आणि मधेच रत्नागिरीला उतरू पाहणारा माणूस म्हणजे तिला वाटेतली धोंड वाटते. चार सुटकेसा ओलांडून उतरलो. थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. रत्नदुर्ग खालूनच पाहिला, कारण वर जायला चढ आहे.

राजिवड्याचे चाचा हे निवृत्त सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. त्यांनी मला एकदा आपादमस्तक न्याहाळलं.

“घरात बसून कसल्या बोटीच्या आठवणी? भाच्याची लाँच आहे मिरकरवाड्याला. चला.”

नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर मी लाँचमध्ये होतो. डिसेंबरातला समुद्र शहाण्या मुलासारखा गप्प होता. भगवती बंदराच्या बाहेर येऊन भाच्याने नांगर टाकला, गरी सोडली, दोन-चार मासे ओढले. आता वळू म्हणून इंजिनाला हात घातला, तर ते खोकून बंद पडलं. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. “आता काढतो एअर,” म्हणून भाचा पाना घेऊन इंजिनाच्या खोक्यात डोक्याने शिरला. त्यापुढे बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते.

चालत्या बोटीचं एक वेळ ठीक. नांगरावरच्या बोटीला कुठे जायचं नसतं, म्हणून ती असेल तिथेच सगळ्या दिशांना जाऊन येते. मी जाळ्यांच्या ढिगावर आडवा झालो. जाळ्यांना कालच्या बांगड्यांचा वास होता.

“हां, आता लिवा,” चाचा शेजारी मांडी ठोकून म्हणाले. “नाताळ. टर्की म्हणून एक पक्षी असतो. एवढा. आम्ही खाल्ला नाही, आमचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, वेगळा, भांडी वेगळी. पण गोवेकर बटलर मुद्दाम झाकण उघडून दाखवायचा. वर चरबीचा दाट रस्सा...”

“चाचा, जेवणाचं नंतर.”

“नाताळात दुसरं काय असतं?”

आडवं पडल्यावर निदान विचार करता येतो. पी अँड ओ ह्या विलायती कंपनीच्या जुन्या बोटींवर कामाची वाटणीच होती: डेकवर रत्नागिरीकडची माणसं, बॉयलरच्या आगीपाशी पंजाबी आणि पठाण, जेवणाच्या सलूनमध्ये गोवेकर. म्हणजे येशूच्या जन्माचं जेवण वाढायला गोव्याची माणसं आणि त्याच्या झाडासाठी डोलकाठीवर चढायला आमची. हो, झाड. नाताळला डोलकाठीच्या टोकाला हिरवं झाड बांधायची त्या बोटींवर रीत होती. चाचा तेव्हा नवे, सगळ्यांत लहान आणि सडपातळ.

“मालीमसाहेब, आमचा ऑफिसर, खालून ओरडतोय, सरळ बांध, सरळ! अरे, बोट वाकडी, मी वाकडा, झाड एकटं सरळ कसं होईल?”

मग बिस्केचा उपसागर आला. तिथल्या हिवाळ्यात टेबलाच्या कडांना फळ्या लावायच्या आणि टेबलक्लॉथ ओला करायचा, म्हणजे बशा घसरत नाहीत. पुडिंग मात्र घसरलं. वर ब्रँडी ओतून पेटवलेलं पुडिंग निळ्या जाळासकट कॅप्टनच्या मांडीकडे निघालं, आणि चाचांना बादलीसकट आत बोलावण्यात आलं. सलूनमध्ये पाय ठेवायची ती त्यांची पहिली वेळ. पुडिंगचा वास कसा होता हेही ते सांगू लागले. मी पलीकडे वळून अरबी समुद्राला माझ्याजवळ होतं नव्हतं ते दिलं.

“झालं? बरं वाटेल आता,” चाचांनी पाठीवरून हात फिरवला. तो हात खडबडीत होता आणि फार सवयीचा. कितीतरी पोरसवदा खलाशांच्या पाठीवरून तो असाच फिरला असणार. “जपानहून अमेरिकेला जाताना वाटेत तारीख दोनदा येते. एकदा पंचवीस तारखेलाच ती रेघ ओलांडली. दोन दिवस नाताळ!”

“दोनदा टर्की?” मी क्षीणपणे विचारलं.

“दोनदा.”

इंजिन सुरू झालं तेव्हा मला भाच्याच्या पायांचे मुके घ्यावेसे वाटले.

घरी चाचींनी सोलकढी पुढे ठेवली. माझी कोरी वही पाहून म्हणाल्या, “नाताळ किती मिळाले ते विचारलंत ना? आता ईद किती मिळाल्या तेही विचारा.”

चाचा चपलेचा अंगठा तपासू लागले.

“तारेत शब्दाला पैसे. म्हणून ईदेला ह्यांची एका शब्दाची तार. ‘ठीक.’ पोस्टमन वाचून दाखवायचा आणि बक्षिसी मागायचा.”

बोटींवरून तार पाठवणारे रेडिओ ऑफिसरही आता गेले. १९९९ पासून तिथे बरंचसं उपग्रहावर चालतं. चाचांचा नातू टँकरवरून व्हिडिओ कॉल करून ताटातलं जेवण दाखवतो. तरी घरचं सुटायचं ते सुटतंच. करोनाच्या २०२० च्या नाताळात जगभरातले चार लाखांच्या आसपास खलाशी करार संपूनही बोटींवरच अडकले होते, त्यात तोही होता. माल मात्र सगळ्या बंदरांत उतरत होता. माणसांनाच तेवढी उतरायची बंदी! ह्याचा मला तेव्हा आला नाही इतका राग त्या ओटीवर सोलकढी पिताना आला.

चाचा बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होते. एकदम त्यांचा चेहरा उजळला.

“थोरलीच्या वेळच्या ईदेला मी घरी होतो की!”

“दुसऱ्या दिवशी आलात.”

“बोट लेट झाली होती.”

“शेवया वेळेवर झाल्या होत्या,” चाची म्हणाल्या आणि माझ्या पेल्यात आणखी सोलकढी ओतली.