मॅडम दुखावल्या आहेत

सप्टेंबर २०२५ मध्ये अल्बेनियाच्या मंत्रिमंडळात डिएला नावाच्या बाईंची वर्णी लागली. डोक्याला रुमाल, अंगात तिथला पारंपरिक पोशाख, चेहऱ्यावर मंद हसू. चेहरा आणि आवाज एका अभिनेत्रीचा, बाकी सगळं सॉफ्टवेअर. त्याच वर्षीच्या जानेवारीत या बाई सरकारी पोर्टलवर लोकांना दाखले मिळवून देत होत्या. आठ महिन्यांत मंत्री! सेतू केंद्राच्या खिडकीतून थेट मंत्रालयात इतक्या वेगाने पोचलेलं माणूस आपल्याकडे तरी आठवत नाही. इथे त्यासाठी निदान एखादा पक्ष फोडावा लागतो.

खातंही साधंसुधं नव्हे. सरकारी निविदा! ज्या खात्यांच्या ओढाताणीत आपल्याकडे शपथविधी लांबतात आणि दिल्लीच्या वाऱ्या होतात, ते खातं बाईंना न मागता मिळालं. देश तसा लहान, लोकसंख्या चोवीस लाखांच्या आसपास, म्हणजे पुणे शहराहून कमी. त्याला युरोपीय संघात जायचंय, शक्यतो २०३० पर्यंत, आणि युरोपवाले म्हणतात, आधी भ्रष्टाचाराचं बघा. म्हणून पंतप्रधान एदी रामांनी जाहीर केलं की यापुढे निविदांचे निर्णय डिएला घेईल आणि त्या शंभर टक्के भ्रष्टाचारमुक्त असतील. (याच देशात हुकूमशहा एन्व्हर होजाच्या काळात काँक्रीटचे लाखाहून अधिक बंकर बांधले गेले. तेव्हा निविदा नव्हत्या, त्यामुळे निविदेतला भ्रष्टाचारही शून्य. असो.)

मला डिएलाताईंबद्दल खरा विश्वास वाटला तो त्यांच्या संसदेतल्या पहिल्या भाषणामुळे. विरोधकांचा गदारोळ चालू असताना ताई पडद्यावरून बोलल्या. आपण माणूस नाही म्हणून काहींनी आपल्याला घटनाबाह्य ठरवलं, त्याने आपण दुखावलो आहोत, असं त्यांनी सांगितलं. राज्यघटना संस्थांबद्दल बोलते, गुणसूत्रं आणि रक्तमांसाबद्दल नाही, हा मुद्दाही मांडला. यंत्र माणसासारखं झालं हे ओळखायचं कसं, याची कसोटी ॲलन ट्युरिंगने १९५० मध्येच सुचवली होती. पलीकडे माणूस आहे की यंत्र, हे नुसत्या संभाषणावरून कळलं नाही तर यंत्र पास. ट्युरिंगसाहेबांचा राजकारणाशी फारसा संबंध आला नसावा. पुढारी ओळखायची कसोटी याहून सोपी आहे: प्रश्न कायद्याचा विचारावा आणि उत्तर भावनेचं यावं. ताई पहिल्याच दिवशी विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण.

पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये बर्लिनच्या एका परिषदेत रामांनी गोड बातमी दिली. डिएला गरोदर आहे आणि तिला ८३ मुलं होणार आहेत, सत्ताधारी समाजवादी पक्षाच्या प्रत्येक खासदारामागे एक. ही मुलं सभागृहातल्या कामकाजाची टिपणं ठेवतील, खासदार कॉफीला गेले तर मागे काय झालं ते सांगतील आणि परत आल्यावर कोणावर तुटून पडायचं तेही सुचवतील. आपल्याकडे एका नेत्याच्या एका चिरंजीवांसाठी सुरक्षित मतदारसंघ शोधताना पक्षाच्या नाकी नऊ येतात. तिकडे ८३ बाळं, सगळी जन्मतःच सत्ताधारी. विरोधी बाकांवर एकही नाही! यातच त्यांचं नवखेपण दिसतं. मुरलेलं घराणं निदान एक पुतण्या तरी पलीकडे ठेवतं.

आणि मग डिसेंबर आला. ताईंना ज्या सरकारी संस्थेने घडवलं, तिच्या प्रमुखांनाच निविदांमध्ये हातचलाखी केल्याच्या संशयावरून नजरकैदेत ठेवण्यात आलं. आरोप सिद्ध व्हायचे आहेत, तेव्हा अधिक बोलणं बरं नव्हे. पण इतक्या जवळ चाललेल्या या गोष्टीचा ताईंना वास कसा आला नाही, असं ज्यांना वाटतं, त्यांनी निविदेचं काम जवळून पाहिलेलं नाही.

मीही पाहिलेलं नव्हतं. म्हणून हे सारं मी आमच्या भागातल्या एका ठेकेदारांच्या कानावर घातलं. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यामुळे मीही म्हणतो. रस्ते, गटारं, स्मशानभूमीची शेड, अशी त्यांची चौफेर समाजसेवा आहे. मला वाटलं, यंत्र मंत्री झालं हे ऐकून भाऊ हबकतील.

‘बाई पैसे घेत नाहीत?’ भाऊंनी विचारलं.

‘अजिबात नाही.’

‘बदलीच्या मागे नाहीत, जेवणावळ नाही, पोराचं लग्न नाही?’

‘पोरं ८३ आहेत, पण लग्नं नाहीत.’

‘मग सर, आमचा एक वाटेकरी कमी झाला की! येऊ द्या.’

त्यानंतर भाऊंनी चहा मागवला आणि जे सांगितलं, ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कुठल्याही परिषदेत ऐकायला मिळणार नाही. निविदा उघडली जाते त्या क्षणी भ्रष्टाचार होतो, अशी आपली भाबडी समजूत. भाऊंच्या मते तो क्षण लग्नातल्या अंतरपाटासारखा असतो. ठरायचं ते कधीच ठरलेलं असतं. खरी कला अटी लिहिण्यात. ठेकेदाराचा स्वतःचा हॉटमिक्स प्लांट कामाच्या जागेपासून अमुक किलोमीटरच्या आत असावा, अशी अट घालायची. डांबर वाटेत गार होता कामा नये, म्हणजे अट रास्तच आहे. आता तेवढ्या अंतरात प्लांट एकाचाच निघाला तर त्यात कोणाचा दोष? यंत्र अट वाचणार, प्लांट मोजणार, बाकीचे अपात्र ठरवणार. तेही एका सेकंदात आणि शंभर टक्के नियमानुसार. पूर्वी याच कामाला साहेब आठ दिवस लावायचे आणि वर उपकार केल्यासारखं बघायचे.

‘पण भाऊ, स्पर्धा दिसायला हवी ना? तीन तरी निविदा लागतात.’

‘येतात की. एक माझी, एक मेहुण्याची, एक मेहुण्याच्या भागीदाराची.’

मी म्हटलं, हे यंत्र पकडेल. तिन्ही निविदा एकाच संगणकावरून भरल्या, बयाणा रक्कम एकाच खात्यातून फिरली, आकडे दर वेळी ठरावीक अंतराने वर-खाली झाले, हे असले नमुने हुडकण्यात ते वस्ताद असतं. भाऊ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘तिघांच्या डिजिटल सहीचे डोंगल आमच्या ऑपरेटरच्या एकाच ड्रॉवरमध्ये असतात. आता तीन ड्रॉवर करू.’

इथे न्यायाने सांगायला हवं की माझा मुद्दा चुकीचा नव्हता. संगनमत ओळखणारी सॉफ्टवेअर असतात आणि ती कामाचीही असतात. पण ते काम तपासनिसाचं. तपासनिसाने टिपण लिहायचं आणि ते वाचून कोणीतरी कोणाला तरी घरी पाठवायचं, अशी ती व्यवस्था. आपल्याकडे टिपणांची टंचाई कधीच नव्हती. ‘कॅग’चे अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सभागृहात ठेवले जातात, ते काय अक्षर लागत नाही म्हणून?

शिवाय निविदेनंतरचं जग उरतंच. काम झालं की मोजमाप पुस्तक, म्हणजे एमबी. खडीचा थर किती, डांबर किती, हे त्यात इंजिनिअर लिहितो आणि बिल त्यावर निघतं. ‘बाई येणार आहेत का उन्हात रस्ता खोदून जाडी बघायला?’ भाऊंनी विचारलं. मी म्हटलं, जागेच्या खुणेसह फोटो मागवतील. ‘मागवू द्या. फोटो पाठवतो कोण? आम्हीच ना?’

मला वाटलं होतं, यंत्र येणार आणि भाऊंचा धंदा जाणार. भाऊंचं शांतपण पाहिल्यावर ध्यानात आलं की यंत्र त्यांचं काहीच घेत नव्हतं. घेत होतं ते आपलं, म्हणजे शिव्या घालायला हक्काचं माणूस. उद्या पूल खचला तर मोर्चा कोणाच्या बंगल्यावर न्यायचा? सर्व्हरवर? शाई कोणाच्या तोंडावर फेकायची? ‘संबंधितांवर कारवाई करू’ या वाक्यातले संबंधित आधीही सापडत नव्हतेच, पण ते कुठेतरी असल्याचा समज तरी होता.

ही माझी कल्पनेची भरारी नाही. कॅनडात हे झालंय. आजी वारली म्हणून तिकिटात सवलत मिळेल का, असं एकाने एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटला विचारलं. चॅटबॉट म्हणाला, आधी तिकीट काढा, सवलत मागाहून मागा. मागाहून मागितली तेव्हा कंपनी म्हणाली, असा नियमच नाही. प्रकरण लवादापुढे गेलं आणि तिथे कंपनीने युक्तिवाद केला की चॅटबॉट ही कायद्याने वेगळी व्यक्ती आहे आणि स्वतःच्या वर्तनाला तीच जबाबदार आहे. पगार नाही, रजा नाही, पण दोष सगळा तिचा! फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादाने हे उडवून लावलं आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. पण कंपनीला हे सुचलं आणि तिने ते गंभीर चेहऱ्याने मांडलं, यात पुढच्या पन्नास वर्षांची पत्रिका आहे.

ब्रिटनमध्ये तर पोस्ट खात्याचं होरायझन नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं तिजोरीत नसलेली तूट दाखवत राहिलं. संगणक बरोबरच असणार, असं तिथल्या कायद्याचंच गृहीतक. त्यापायी १९९९ ते २०१५ या काळात पोस्टाच्या उपशाखा चालवणारे ९०० हून अधिक लोक चोर ठरले, काही तुरुंगात गेले. २०२४ मध्ये खास कायदा करून त्यांच्या माथ्यावरचा डाग पुसावा लागला. लांब कशाला जायचं? शेजारच्या तेलंगणात संगणकाने सुमारे १९ लाख शिधापत्रिका बाद केल्या होत्या. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करा. ज्या देशात माणूस हजर आणि जिवंत असल्याचा वेगळा दाखला लागतो, त्या देशात मेलेले नि श्रीमंत म्हणून कोणाला वगळायचं, ते संगणकाच्या हातात द्यायचं म्हणजे धाडसच.

दोष यंत्रावर ढकलायच्या या शास्त्रात आपण मराठी माणसं मागासलेली नाही बरं का. पूर्वी कचेरीत गेलं की साहेब जागेवर नसायचे. मग संगणक आले आणि सर्व्हर डाउन असायला लागला. हल्ली साहेबही जागेवर असतात, सर्व्हरही चालू असतो, पण ‘सिस्टीम घेत नाही’. तुमचं आडनाव घेत नाही, अंगठा घेत नाही, सासरचं नाव घेत नाही. सिस्टीम कोण, तिचं वय काय, तिला कोणी नेमलं, आपण कधी विचारलं? अल्बेनियाने फक्त तिला मंत्रिपद दिलं. तेही पुरतं नाही: राष्ट्रपतींच्या आदेशात या आभासी मंत्र्याच्या निर्मितीची नि कारभाराची जबाबदारी रामांवरच टाकलेली आहे. कागद करणाऱ्याला राजकारण कळतं, एवढं त्यावरून दिसतं.

राहिला राजीनामा. नेदरलँड्समध्ये संगणकाच्या जोखीम-गणिताच्या आधाराने हजारो पालकांना मुलांच्या पाळणाघराच्या अनुदानात लबाडी केल्याचं ठरवून वसुलीला लावलं, संसार मोडले, आणि जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मार्चच्या निवडणुकीनंतर पंतप्रधान पुन्हा तेच झाले, हा भाग वेगळा. आपल्याकडे तर राजीनाम्याची उज्ज्वल परंपरा. एका मुख्यमंत्र्यांना सिमेंट भोवलं १९८२ मध्ये, दुसऱ्यांना मुलीच्या परीक्षेचे गुण १९८६ मध्ये, तिसऱ्यांना कुलाब्यातली इमारत २०१० मध्ये. डिएलाताईंना काय भोवणार? त्या राजीनामा देऊन जाणार कुठे, पोर्टलवर? आणि सहा महिन्यांनी सन्मानाने परत यायचं असेल, तर त्यासाठी मुळात जावं लागतं.

परवा भाऊंचा फोन आला. डिएलाताईंचं त्यांनी मनावर घेतलं होतं. आपल्याकडे मंत्री पुरवण्याची निविदा निघणार असेल, तर मसुदा तयार असावा म्हणून त्यांनी काही अटी मला वाचून दाखवल्या. निविदाधारकाने मागील तीन वर्षांत किमान एक मंत्री पुरवलेला असावा. (‘हा अनुभव आपल्या तालुक्यात बऱ्याच जणांना आहे, पण दाखला फक्त माझ्याकडे निघेल.’) वार्षिक देखभालीचा खर्च वेगळा. दोषदायित्व कालावधी आधी पाच वर्षं लिहिला होता, तो खोडून ‘आचारसंहिता लागेपर्यंत’ असा केला. सर्व्हर वातानुकूलित जागेत, कामाच्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आत हवा, ही शेवटची अट.

तेवढ्या अंतरात भाऊंचं मंगल कार्यालय आहे, एसीचं.