रिओचं गोखिवरे

रिओ दि जानेरोला सुट्टीला निघालेल्या वसईकराने तिकीट काढण्याआधी एकदा भोयदापाड्याला जाऊन यावं. हे मी मनापासून सांगतो आहे. कोपाकबानाचा किनारा नीट बघायचा असेल, तर त्याची तयारी गोखिवऱ्याच्या डम्पिंगवरच होते.

दुबई झालं, बाली झालं, आता ज्याच्या त्याच्या तोंडी ब्राझील आहे. जावं, जरूर जावं. मुंबईहून थेट विमान नाही, व्हिसा लागतो. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी टोचून घ्यावी लागते आणि दाखला जपून ठेवावा लागतो. तो नसेल तर परत आल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात. कार्निव्हल फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे नेमका पोरांच्या परीक्षांच्या तोंडावर. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथे पावसाचा किंवा उन्हाचा जाच नसतो, गर्दीही कमी. कुटुंबाला घेऊन जायला तोच काळ बरा.

आता किनाऱ्याकडे वळू. कोपाकबानाची पुळण जेमतेम चार किलोमीटरची. बाजूने काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा काढलेला पदपथ. १९७० साली रॉबेर्तो बुर्ले मार्क्स या उद्यानरचनाकाराने तो आजच्या रूपात आणला. लेमेपासून लेब्लॉनपर्यंत किनाऱ्यावर जीवरक्षकांची ठाणी आहेत, त्यांना १ ते १२ असे क्रमांक. ‘नऊ नंबरला भेटू’ म्हटलं की रिओतल्या माणसाला जागा कळते. ठाण्यात जीवरक्षक असतो, पैसे देऊन वापरायचं स्वच्छतागृह असतं, अंगावरची वाळू धुवायला पाणी असतं. हे जीवरक्षक अग्निशमन दलाचे जवान असतात. चार दिवसांच्या कंत्राटावर आणून उभी केलेली पोरं नव्हेत. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी समुद्राकडचा रस्ता गाड्यांना बंद. त्या दिवशी तो रस्ता चालणाऱ्यांचा, सायकलवाल्यांचा आणि आजी-आजोबांचा.

खायला मिळतात मोठ्या, पोकळ, कुरकुरीत कड्या. ज्या कंदापासून आपला उपवासाचा साबुदाणा होतो, त्याच कंदाच्या पिठाच्या. तो कंद मुळात तिकडचाच.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हा किनारा कोणाच्याही बापाचा नाही. ब्राझीलच्या १९८८च्या कायद्याने समुद्रकिनारे सर्व लोकांच्या वापराचे ठरवले आहेत, तिथे जायची वाट अडवता येत नाही. पंचतारांकित हॉटेलसमोरच्या वाळूत डोंगरावरच्या झोपडवस्तीतली पोरं फुटबॉल खेळतात आणि त्यांना कोणी हटकू नये, असं कायदा म्हणतो.

कायदा म्हणतो तसंच दर वेळी होतं, असं नाही. १९९८ साली मेट्रो कोपाकबानापर्यंत पोचली आणि शहराच्या उत्तर भागातली कष्टकरी माणसं सहज समुद्रावर येऊ लागली. ‘बाहेरचे लोक येतात आणि वाट लावतात’ ही तक्रार तिथेही आहेच. २०१५ साली तर पोलिसांनी किनाऱ्याकडे निघालेल्या बस अडवून गरीब, बहुतेक काळ्या पोरांना खाली उतरवलं होतं, त्यांनी गुन्हा काहीही केलेला नसताना. देशभर त्यावर गदारोळ झाला. व्हायलाच हवा होता.

‘बाहेरचे लोक येतात’ हे वाक्य वसईतही दर रविवारी ऐकू येतं. सुरुची बाग, भुईगाव, रानगाव, कळंब, राजोडी, नवापूर, अर्नाळा. एवढे किनारे या एका तालुक्याला. रविवारी दुपारी नालासोपाऱ्यातून, गोखिवऱ्यातून, वालीवच्या गाळ्यांत आठवडाभर राबलेली माणसं पोराबाळांना घेऊन तिकडे निघतात. एका खोलीत सहा जण राहणाऱ्या घराला समुद्राशिवाय दुसरं अंगण कुठलं? त्यांना ‘बाहेरची पब्लिक’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पण गावकऱ्यांची तक्रारही खोटी नाही. बोंबील वाळवायच्या वलांड्यांखाली दारूच्या फुटक्या बाटल्या सापडतात, कोळणीच्या पायात काच जाते. गाडी थेट वाळूत घालायची, ती रुतली की जेसीबी मागवायचा, भरती आली की रडायचं, हे प्रकार होतात. पश्चिमेची गावं हे सगळं सोसतात आणि पूर्वेच्या माणसाने ते ऐकून घेतलं पाहिजे.

पूर्वेचा माणूस काय सोसतो, ते मात्र पश्चिमेला कोणी ऐकत नाही. किनाऱ्यावरची ती पत्रावळ, थर्माकोलची ताटली, शहाळं, चिप्सची पाकिटं, लहानाचं डायपर हे सगळं सोमवारी कुठे जातं? गोखिवऱ्याला येतं. भोयदापाड्याचं डम्पिंग हे वसई-विरार महापालिकेचं कचराघर. महापालिका जुलै २००९मध्ये झाली. वसई, नालासोपारा, विरार आणि आजूबाजूची गावं तिच्या पोटात आली, आणि सगळ्यांचं उष्टं-खरकटं एका दिशेला निघालं. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. डोंगर मात्र जागचा हलला नाही.

एकदा तिथे उभं राहून बघावं. रेंज ऑफिसकडून कचऱ्याच्या गाड्या एकामागून एक येतात, मागून काळं पाणी गळत असतं आणि त्याची ओली रेघ रस्त्यावर दूरपर्यंत दिसते. वर घारी, खाली बगळे, मध्ये कुत्री. एका बाईच्या हातात लोखंडी आकडी, खांद्यावर गोणी. ती आकडीने पिशवी फाडते, भात आणि कांद्याची सालं पायाने बाजूला सारते, आतली पाण्याची बाटली उचलून टोपण फिरवून काढते. टोपण एका पिशवीत, बाटली दुसऱ्या पिशवीत, कारण भंगारवाला दोन्हींचा भाव वेगळा देतो. मग पुढची पिशवी. तिच्या हातात मोजे नसतात. आपण घरी दोन डबे ठेवले असते, तर तिला भाताच्या रबरबाटात हात घालावा लागला नसता.

‘डम्पिंगला आग लागली’ हे वाक्य गोखिवऱ्यात इतकं जुनं झालं आहे, की सांगणारा आता आवाजही चढवत नाही. धूर आला की खिडक्या लावायच्या आणि दोरीवरचे कपडे आत घ्यायचे. दमेकऱ्यांनी काय करायचं, ते कोणी सांगत नाही.

रिओलाही एक गोखिवरे होतं. त्याचं नाव जार्दिम ग्रामाशो. शेजारच्या दुके दि काशियास शहरात, ग्वानाबारा खाडीच्या काठाला. १९७८ साली तिथे कचरा पडायला लागला आणि बघता बघता लॅटिन अमेरिकेतलं सगळ्यात मोठ्यांपैकी एक कचराघर उभं राहिलं. कोपाकबानाच्या पुळणीवरचा कचरा, इपानेमाच्या उपाहारगृहांतला कचरा, कार्निव्हलचा कचरा, सगळा तिथे. पत्रकांवर आणि पोस्टकार्डांवर साखरेच्या सुळक्यासारखा डोंगर दिसतो, कचऱ्याचा डोंगर दिसत नाही. हजारो माणसं तिथे कचरा वेचून जगत होती. त्यांनी संघटना केली, आपण काय काम करतो ते जगाला दाखवलं. २०१०च्या ‘वेस्ट लँड’ या माहितीपटात विक मुनीझ या चित्रकाराने त्याच कचऱ्यातून त्यांचीच चित्रं उभी केली आणि ती माणसं जगभर पोचली. जून २०१२मध्ये, पर्यावरणाची जागतिक परिषद रिओत भरायच्या तोंडावर, ग्रामाशो बंद झालं. बंद करताना वेचकांना भरपाई द्यावी लागली, कारण ते अडून बसले होते. ती कोणी मेहेरबानी म्हणून दिली नव्हती.

सफाई कामगारांचंही तेच. रिओची सफाई करणारी नगरपालिकेची कंपनी म्हणजे कोमलुर्ब. तिचे कामगार नारिंगी गणवेशात असतात. १९९७च्या कार्निव्हलमध्ये रेनातो सोरिसो नावाचा एक कामगार मिरवणुकीनंतर रस्ता झाडता झाडता झाडू हातात घेऊन सांबा नाचला आणि प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकच्या समारोपात ब्राझीलने जगासमोर जी माणसं उभी केली, त्यांत हा झाडूवालाही होता. मला याचं मोल फार वाटतं. पण टाळ्यांनी पोट भरत नाही, हे त्या कामगारांना चांगलं ठाऊक होतं. मार्च २०१४च्या कार्निव्हलमध्ये त्यांनी संप केला. जगभरचे पाहुणे आलेले आणि रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग. शहराने आठवडाभर तो वास घेतला आणि पगार ३७ टक्क्यांनी वाढवून दिला. नववर्षाच्या रात्री पांढऱ्या कपड्यांत लाखो लोक कोपाकबानावर जमतात, मागे शेकडो टन कचरा टाकून जातात आणि सकाळी किनारा पुन्हा बसण्याजोगा असतो. तो या माणसांमुळे.

याउलट, नुसत्या घोषणांचं काय होतं तेही रिओनेच दाखवलं आहे. २०१६च्या ऑलिम्पिकसाठी ग्वानाबारा खाडीत जाणाऱ्या सांडपाण्यापैकी ८० टक्के पाणी शुद्ध करू, असं वचन दिलं होतं. ते पाळलं गेलं नाही. ऑलिम्पिक झालं, पाहुणे गेले, खाडी घाणच राहिली. तेव्हा रिओला देवघरात बसवायचं काही कारण नाही. तिथे जे झालं ते लोकांनी नेट लावला तिथेच झालं.

‘त्यांना निसर्गाने दिलंय हो’ असं म्हणणाऱ्यांनी जरा इतिहास बघावा. पोर्तुगीजांनी वसई घेतली १५३४ साली, रिओ वसवलं १५६५ साली. म्हणजे आमचा किनारा त्यांच्या नजरेत ३१ वर्षं आधी भरला होता. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसई जिंकली, त्यानंतर रिओ ब्राझीलची राजधानी झालं, १७६३ साली. समुद्र, खाडी, डोंगर, किल्ला, केळीच्या बागा, सगळं आपल्याकडेही आहे. आमच्या गोखिवऱ्याच्या पाठीशी तर तुंगारेश्वरचं अभयारण्य आहे, ८५ चौरस किलोमीटरच्या आसपासचं. रिओच्या मधोमध असलेल्या तिजुका राष्ट्रीय उद्यानाच्या दुपटीहून मोठं. आणि ते तिजुकाही आयतं मिळालेलं नाही. कॉफीच्या मळ्यांनी डोंगर बोडके केले, शहराचं पिण्याचं पाणी आटायला लागलं, तेव्हा १८६१ साली मेजर आर्चर यांच्यावर जंगल पुन्हा लावायचं काम सोपवलं गेलं. प्रत्यक्ष झाडं लावली ती मोजक्या गुलाम मजुरांनी. आज पर्यटक ज्या हिरव्या डोंगरांचे फोटो काढतात, ते त्या मजुरांचे उपकार आहेत. आमच्याकडे जंगल तयार आहे, लावायचं नाही, फक्त राखायचं आहे. तरी श्रावणात तुंगारेश्वरच्या ओढ्यात पाण्याबरोबर वेफर्सची पाकिटं वाहतात.

जीव जातात ते वेगळंच. एका होळीच्या दिवसांत कळंबच्या समुद्रात पाच जण बुडाले. चिंचोटीच्या धबधब्यावर पावसाळ्यात माणसं बुडाली की बंदीचा आदेश निघतो, पोलीस उभे राहतात, पोरं आडवाटेने वर चढतात. बंदीने समुद्र ओस पडत नाही आणि धबधबाही. तिथे पोहता येणारा, दोर आणि शिट्टी असलेला, महिन्याच्या महिन्याला पगार मिळणारा माणूस लागतो.

म्हणून रिओहून परत येणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. फोटो दाखवा, आम्ही कौतुकाने बघू. पण तिथे तुम्ही जीवरक्षकाचं ठाणं पाहिलंत, गाड्यांना बंद केलेला रस्ता पाहिलात, नारिंगी कपड्यांतला झाडूवाला पाहिलात. तेच इथे मागा. वॉर्डातल्या नगरसेवकाला गाठा आणि नेमकं विचारा. कळंब, राजोडी, भुईगाव आणि सुरुचीला पूर्ण दिवस जीवरक्षक कधी मिळणार? रविवारी वाळूवर आणि किनाऱ्यालगत गाड्यांना बंदी आणि त्याच वेळी वसई स्टेशनहून किनाऱ्यापर्यंत जादा बस कधी? बायकांना जाता येईल असं स्वच्छतागृह कधी? किनाऱ्यावरचा ओला कचरा त्याच गावात कुजवून खत करायची सोय कधी? आणि भोयदापाड्याच्या डम्पिंगचं जे काही करायचं ते करताना तिथे वेचणाऱ्या बायांना आधी काम आणि भरपाई, मग कुलूप, हे लेखी कोण देणार?

आपल्या घरापुरतं तर उद्यापासूनच करता येईल. ओला आणि सुका, दोन डबे. समुद्रावर जाताना एक रिकामी पिशवी, येताना ती भरून घरी.

ग्रामाशोचं दार लागायला ३४ वर्षं लागली. गोखिवऱ्याने तेवढं थांबायचं काहीही कारण नाही.