साउंडिंग घेणारे चीफ

बोटीवरून निवृत्त झालेला चीफ इंजिनियर हळूहळू समुद्र विसरतो, बंदरं विसरतो, कॅप्टनशी झालेली भांडणंसुद्धा विसरतो. टाक्या मात्र विसरत नाही. डिझेलची टाकी, ल्यूब ऑइलची टाकी, गोड्या पाण्याची टाकी, बिल्जची टाकी आणि जिचं नाव पंगतीत काढायचं नसतं ती टाकी, अशा सगळ्यांच्या संगतीत त्याची उमेदीची वर्षं गेलेली असतात. मग तो बडोद्याला येतो, फतेगंजात फ्लॅट बघतो. बाल्कनी कुठे उघडते ते दलालाला विचारतच नाही. गच्चीची किल्ली कोणाकडे असते, ते विचारतो.

फतेगंज या माणसाला मानवतं. एका अंगाला लष्कराचं ईएमई स्कूल, दुसऱ्या अंगाला महाराजा सयाजीराव विद्यापीठ, मधे वसतिगृहातली पोरं, सेवउसळीच्या गाड्या, आणि रिक्षावाल्याशी गुजरातीत, देवाशी मराठीत नि मेकॅनिकशी हिंदीत बोलणारी जुनी मराठी घरं. ईएमईच्या आवारातलं दक्षिणामूर्तीचं देऊळ तर ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवलेलं आहे. 1966 साली लष्करी अभियंत्यांच्या डोक्यातून निघालेलं ते काम. बाकीचे लोक तिथे हात जोडतात. चीफही जोडतात, पण आधी मान वर करून सांधे नीट आहेत का ते बघून घेतात.

चीफ ओळखू येतात ते हाफ पँटच्या खिशातल्या टॉर्चवरून, आणि काटा दिसला की त्यावर बोटाने टिचकी मारायच्या सवयीवरून. पेट्रोल पंप, डॉक्टरांकडचं रक्तदाबाचं यंत्र, वाण्याचा तराजू, कोणीही सुटत नाही. त्यांचा सिद्धांत असा की काटा बघायचा, पण त्याचं म्हणणं दुसऱ्या साक्षीदाराकडून पडताळल्याशिवाय मानायचं नाही. जहाजावर हा दुसरा साक्षीदार म्हणजे साउंडिंग टेप. टाकीतून वर आलेल्या नळीत पितळी वजनाची स्टीलची पट्टी सोडायची, तळाला टेकली की वर ओढायची नि कुठपर्यंत ओली झाली ते वाचायचं. कंट्रोल रूममधे कितीही झगमगाट असो, ज्युनियर इंजिनियर अजूनही पट्टी घेऊन खाली जातोच.

घरी साउंडिंगची सोय नसते, म्हणून चीफ गॅस सिलिंडरला ओलं फडकं फिरवतात. आत द्रव गॅस आहे तिथपर्यंतचा पत्रा ओला राहतो, वरचा लवकर वाळतो, रेघ दिसते. ही युक्ती अर्ध्या भारताला ठाऊक आहे. काकूंना तर ती चीफ बोटीवर असतानाच्या काळापासून ठाऊक आहे. पण सिलिंडरवर खडूने तारीख घालून रेघ मारणारा माणूस फतेगंजात एकच असावा.

तसं बघितलं तर बडोदं हे काट्यांचंच गाव. पावसाळा लागला की इथे माणसं एकमेकांची तब्येत विचारत नाहीत, फूट विचारतात. आजवा सरोवर किती फुटांवर, काळाघोड्याच्या पुलाखाली विश्वामित्री किती फुटांवर. धोक्याची खूण 25-26 फुटांवर. ऑगस्ट 2024 मधे नदी 35 फुटांच्याही वर गेली आणि फूट मोजणाऱ्यांच्या घरातच पाणी शिरलं. त्या दिवसांत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर तासाला आकडा पडत होता आणि दर आकड्याखाली चीफांचा एकच प्रश्न होता: 'हा आकडा कोणी डोळ्यांनी वाचला, की सेन्सरने सांगितला?' उत्तर कोणी दिलं नाही. स्वतः जाऊन टेप सोडायची त्यांची तयारी होती, पण विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि मगरीला साउंडिंग समजावून सांगणं चीफांनाही जमलं नसतं.

अशा माणसाचा पुतण्या अमेरिकेत सिएटलला राहतो आणि त्याने तीसेक फुटांची जुनी शिडाची बोट घेतली, हा योगायोग नव्हे, घराण्याची खोड आहे. बोटीबरोबर शंभरेक लिटरची मैल्याची टाकीही आली आणि तिच्यावरचा काटा. काटा कायम अर्ध्यावर. चौघं जण शनिवार-रविवार बोटीवर राहिली तरी अर्ध्यावर, धक्क्यावरच्या पंपाने टाकी उपसून घेतली तरी अर्ध्यावर.

इथे कोणी म्हणेल, त्यात काय एवढं, समुद्र आहे की! चीफांसमोर म्हणू नये. ते मार्पोलचं, म्हणजे जहाजी प्रदूषणावरच्या कराराचं, चौथं परिशिष्ट काढतात. मोठ्या जहाजाने प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या पलीकडेच सोडायचा, तोही एकदम नाही, आणि जहाज निदान 4 नॉटच्या वेगाने चालत असताना. शिवाय टाकीत किती साठलंय ते डोळ्यांना दिसेल अशी सोय हवी, असं त्याच परिशिष्टात लिहिलेलं आहे. म्हणजे या टाकीचा काटा हा आंतरराष्ट्रीय कराराचा विषय आहे, हे सांगताना चीफांची छाती दोन इंच फुगते. अमेरिकेने हे परिशिष्ट स्वीकारलेलंच नाही, हे पुतण्याने सांगितल्यावर ती एक इंच उतरली. तिथला स्वतःचा कायदा मात्र पुतण्यासारख्या हौशी बोटवाल्यालाही लागू होतो: 3 सागरी मैलांच्या आत कच्चा मैला सोडायचा नाही. सिएटल ज्या प्युजेट साउंडच्या काठावर आहे तिथे तर 2018 पासून प्रक्रिया केलेल्यालाही मनाई झाली. तेव्हा टाकी भरत आली की धक्का गाठणं आलं, आणि ती भरत आली हे कळायला काटा खरा बोलणं आलं.

तिकडे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे फतेगंजात सकाळचे सात. चीफ चहाचा कप घेऊन व्हिडिओ कॉलवर बसले. खास प्रसंग म्हणून जुना बॉयलर सूट चढवला होता.

"काका, काटा अर्ध्यावरून हलतच नाही."

"बोट कललीय का?"

"नाही, धक्क्याला बांधलीय."

"उपसलीस कधी?"

"काल."

"मग फ्लोट अडकलाय. बाहेर काढ."

"कुठून?"

"कुठून म्हणजे? टाकीतून."

यावर सिएटलहून बराच वेळ आवाज आला नाही. नेट गेलं असावं असं काकूंना वाटलं. नेट व्यवस्थित होतं.

चीफांचं एक मानलं पाहिजे, हसणं-खिदळणं इथवरच. टाकीचं झाकण उघडायची वेळ आली की ते वेगळे होतात. सगळ्या खिडक्या-दारं उघडायला लावली, खालच्या भागात पंखा लावायला लावला, डोकं आत घालायचं नाही असं तीनदा वदवून घेतलं. सडलेल्या मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. दहा लाखांत शंभरेक भाग झाला की नाकच बधिर होतं, आणि वास गेला म्हणजे धोका टळला असं समजून माणूस आत वाकतो. खाळकुव्यात माणूस उतरवायची भाषा कुठे कानावर आली, तर चीफ चपला घालून तिथे हजर होतात आणि मशिनवाला टँकर येईपर्यंत हलत नाहीत. अशा कामाला माणूस लावायला बंदी घालणारा 2013 चा कायदा त्यांच्या पाकिटात घडी घालून असतो. तेवढ्यापुरती त्यांची थट्टा कोणी करत नाही.

फ्लोट बाहेर आला. फ्लोट आहे हे आधी माहीत होतं म्हणून ओळखला. कागदाचा लगदा, चिकट थर आणि त्याखाली पिवळट दगडी पापुद्रा. लघवीतलं फॉस्फेट नि समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून हा दगड घडवतात. चीफांच्या मते ही टाकीतली एकमेव सर्जनशील प्रक्रिया. डिझेलच्या टाकीत असाच फ्लोट वर्षानुवर्षं इमानाने चालतो, या टाकीत तो ज्या दांड्यावर वर-खाली होतो त्यावर पहिल्या हंगामातच जाम होतो. भिंतीतून आत डोकावणाऱ्या धातूच्या खुंट्यांचे सेन्सर असतात, त्यांच्यावर ओलसर थर बसला की वीज त्या थरातूनच पलीकडे जाते आणि काटा रिकाम्या टाकीलाही 'भरली' म्हणतो. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतही खुंट्याच आहेत. तिथे बोअरच्या पाण्याचा क्षार बसतो, त्या चीफ दर महिन्याला व्हिनेगरने घासतात, आणि तरी अधूनमधून वॉचमन खालून ओरडतोच, "काका, टांकी छलकाई!"

पुतण्यालाही व्हिनेगरच सांगितलं. रात्रभर बुडवून ठेव, आणि ब्लीच जवळपास आणू नकोस, दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन सुटेल. क्लोरीनचं नाव निघालं आणि चीफांना यू-1206 आठवली. ती त्यांना दर दिवाळीलाही आठवते. ही जर्मन पाणबुडी एप्रिल 1945 मधे स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ होती. खोल पाण्यातही वापरता येईल असा नव्या पद्धतीचा उच्च दाबाचा संडास तिच्यावर बसवलेला. तो चालवण्यात गफलत झाली, समुद्राचं पाणी आत घुसलं, खालच्या बॅटऱ्यांपर्यंत पोचलं, क्लोरीन पसरला. नाइलाजाने पाणबुडी वर आली, विमानाने गाठली, शेवटी खलाशांनी ती बुडवून टाकली; चौघे दगावले. "तोफेने नाही, टॉर्पेडोने नाही," असं म्हणून चीफ जिथे थांबतात तिथे ऐकणाऱ्याने स्वतःहून वाक्य पूर्ण करायचं असतं. पुतण्याने नुसतं "हो काका" म्हटलं. त्याच्या हातात अजून फ्लोट होता.

पण तरुण माणसाला व्हिनेगर म्हणजे मागासलेपणा वाटतो. त्याने टाकीतून काट्याला खबर देणारा नवीन सेंडर मागवला, आणि पांढऱ्या तबकडीचा, क्रोमच्या कडेचा देखणा युरोपियन काटाही. बसवला. पुढच्या शनिवारी पाहुणे घेऊन निघाले. निघतानाच काटा 'पूर्ण भरली'च्या पार पुढे! म्हणून पाहुण्यांना टॉयलेटची बंदी. ज्यांना अगदीच राहवलं नाही त्यांनी ओशाळून वापरलं. आश्चर्य म्हणजे जसजसं वापरलं तसतसा काटा उतरू लागला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बंदी उठली. रविवारी दुपारी काटा जवळजवळ 'रिकामी'वर आला, आणि बोटीच्या कुशीतल्या हवेच्या नळीतून टाकी स्वतःच बाहेर बोलू लागली.

सोमवारी फतेगंजात सकाळी सातला पुन्हा बॉयलर सूट.

"मल्टिमीटर लाव. सेंडरवर किती ओहम?"

"रिकामी टाकी... दोनशे चाळीस."

चीफांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि ज्या क्षणासाठी माणूस इंजिनियर होतो तो क्षण पुरता उपभोगला. अमेरिकन सेंडर रिकाम्या टाकीला 240 ओहम दाखवतो आणि भरलेल्या टाकीला 33. युरोपियन काट्याच्या हिशेबात रिकामी म्हणजे 10 आणि भरलेली म्हणजे 180. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक. एकत्र बांधल्यावर 240 म्हणजे भरून वाहिली आणि 33 म्हणजे तळ गाठला. "स्थळ बघताना पत्रिका बघतात," चीफ म्हणाले, "तू नुसता फोटो बघितलास."

काटा बदलला, अमेरिकन आला. तेवढ्याने भागलं असतं, पण मग दुसरा साक्षीदार? बाहेरून चिकटवायच्या सेन्सरच्या पट्ट्या प्लास्टिकच्या टाकीला चालतात, पण चीफांचा जीव बुडबुड्यांच्या नळीवर. टाकीच्या तळापर्यंत बारीक नळी सोडायची, वरून हळू हवा फुंकायची. बुडबुडे सुटायला जितका दाब लागतो तितकी वरच्या द्रवाची उंची. 10 सेंटिमीटरला साधारण 1 किलोपास्कल. आत काहीच हलत नाही, तेव्हा अडकायलाही काही नाही. फक्त टाकीची हवेची नळी मोकळी हवी, नाहीतर आतच दाब कोंडून हाही खोटं बोलेल. पुतण्याने माशांच्या टाकीचा छोटा पंप आणून हेसुद्धा जमवलं. त्यावर तिसरा साक्षीदार म्हणून पुतण्याच्या आठ वर्षांच्या मुलीला लॉगबुक दिलं गेलं: कोण गेलं, किती फ्लश, बोट डावीकडे कलली होती की उजवीकडे. ती फार कडक निघाली. खोटी नोंद सांगणाऱ्या बापाला तिने चुलत आजोबांच्या थाटात परत पाठवलं. चीफांनी ऐकून तिला थर्ड इंजिनियरच्या हुद्द्यावर नेमलं.

आता धक्क्यावरचा शेजारीही सकाळी सातच्या कॉलवर येतो. निवृत्त दंतवैद्य आहे. त्याची टाकी ॲल्युमिनियमची, म्हणजे बाहेरच्या पट्ट्या बाद. चीफांनी त्याला आधी आतून धुवायला लावलं आणि धुण्याआधीचे-नंतरचे फोटो मागवले. दातांवरचं कीटण आणि टाकीतलं कीटण यांच्या रसायनात बरंच साम्य आहे, यावर दोघांचा अर्धा तास रंगला. फोटो उत्तम आले. ते चीफांच्या फोनमधे नातवाच्या मुंजीच्या फोटोंमधेच आहेत, आणि घरी पाहुणे आले की मुंज बघता बघता मधेच येतात. पाहुण्याच्या हातात सेवउसळीची बशी असते. तो सभ्यपणे विचारतो, "हे काय, कुठली लेणी का?" चीफ खुर्ची पुढे ओढून फोटो मोठा करतात आणि काकू आतूनच ओरडतात, "त्यांची बशी रिकामी होऊ द्या आधी!"