तुम्ही, तुम्हीच का?

आयकर खात्याच्या संकेतस्थळावर शिरताना एक गंमत घडते. पॅन क्रमांक टाकला की पासवर्डच्या चौकटीशेजारी एक वाक्य उगवतं. ते आपणच कधीतरी लिहून ठेवलेलं असतं. हे वाक्य तुमचंच ना, अशी खूण केल्यावर पुढचा व्यवहार सुरू होतो. हेतू सरळ आहे: हुबेहूब दिसणारं एखादं बनावट पान कुणी मांडलं, तर त्याला हे वाक्य ठाऊक नसणार. म्हणजे इथे आधी सरकार आपल्यापुढे स्वतःची ओळख पटवतं, आणि मग आपली पाळी येते. साध्या दाखल्यासाठी खिडकीबाहेर उभं राहण्यात ज्यांचं तारुण्य गेलं, त्यांना ही नम्रता जराशी संशयास्पद वाटली तर नवल नाही.

आपली पाळी मात्र लांबते. ‘ई-फायलिंग व्हॉल्ट’ नावाची जास्तीची कडी लावून घेतली की नुसता पासवर्ड पुरत नाही. मग आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, किंवा बँकेच्या खात्यातून फिरून यावं लागतं, किंवा डिजिटल सही लागते. एक तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट आणि एक तुमच्या हातातली वस्तू, दोन्ही जुळल्याशिवाय तुम्ही म्हणजे तुम्हीच, हे सिद्ध होत नाही.

संगणकवाले ही युक्ती नवी म्हणून सांगतात तेव्हा मला अशोकवन आठवतं. सीता हनुमानावर लगेच विश्वास ठेवत नाही, आणि का ठेवावा? दारात आलेल्या एका संन्याशावर विश्वास ठेवूनच तर ती तिथे पोचली होती. तो रामाचं वर्णन करतो, मग अंगठी पुढे करतो, तेव्हा कुठे तिचा जीव खाली पडतो. उलट निरोप पाठवताना ती त्याहून दक्ष आहे. चूडामणी तर ती देतेच, शिवाय चित्रकूटावरच्या त्या आगाऊ कावळ्याची गोष्टही सांगते, जी फक्त तिला आणि रामाला ठाऊक होती. एक वस्तू, एक गुपित. वाल्मीकींनी याला दुहेरी पडताळणी म्हटलं नाही, एवढाच काय तो फरक.

आणि कालिदासाची शकुंतला? दुष्यंताच्या दरबारात उभी राहून ती बोटाकडे पाहते आणि बोट रिकामं. अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात पडलेली, राजाच्या स्मरणावर शापाचा पडदा, म्हणजे ओळखीचे दोन्ही मार्ग एकदम बंद. खातं लॉक झालेल्या माणसाची ती असहाय तिडीक कालिदासाला पक्की ठाऊक होती. पुढे तक्रार निवारणाचं काम एका माशाने केलं. ज्या कोळ्याला त्याच्या पोटात अंगठी सापडली, त्याला मात्र आधी पहारेकऱ्यांनी बांधून आणलं. शासकीय कार्यपद्धतीत काही गोष्टी फार जुन्या असतात.

लहानपणी मे महिन्यात कोकणात गेलो की मला माझी ओळख कधी द्यावी लागली नाही. एस्टीतून उतरून पाणंदीने चालायला लागलो की एखाद्या खळ्यातून आवाज यायचा, “कोणाचो रे तू?” ‘कोण’ नव्हे, ‘कोणाचो’. मी वडिलांचं नाव सांगायचो. म्हातारी ते ऐकून न ऐकल्यासारखं करून जवळ यायची, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची आणि निकाल द्यायची, “नाक आजोबाचाच!” झाली पडताळणी. नाव मी सांगितलेलं, नाक पूर्वजांनी पुरवलेलं. दुसरी पायरी नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असायची, आणि ते बरं होतं. एकट्याने स्वतःला सिद्ध करणं तसं अवघडच. आरशापुढे उभं राहून कितीही वेळ ‘मीच तो’ म्हटलं तरी साक्षीला कोणी नसतं.

माझी मावशी निवृत्त शिक्षिका. दर नोव्हेंबरात ती हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जाऊन यादीवर सही करायची. तिला वर्षानुवर्षं ओळखणारा कारकून आधी तिच्या गुडघ्यांची चौकशी करायचा, चहा मागवायचा आणि मग ती जिवंत असल्याचा कागद पुढे सरकवायचा. २०१४ च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ आलं आणि हयात बोटांच्या ठशांवरून ठरू लागली. खडूने आणि भांड्यांनी झिजलेली मावशीची बोटं यंत्राला पटेनात. “म्हणजे मी आहे, पण बोटं नाहीत,” असं ती शेजारणीला सांगत होती.

तिच्या मुदत ठेवींवर कापला गेलेला कर परत मिळवण्यासाठी दर जुलैत मी तिच्याकडे बसतो. खातं काकांनी काढलेलं. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण ओळखीचं वाक्य त्यांचंच आहे, रोमन अक्षरांत लिहिलेलं: गॅस बंद केला का. ते उमटलं की मावशी स्वयंपाकघरात जाऊन खरोखर बघून येते आणि मगच मला खूण करू देते. आयकर खात्याला इतक्या घरगुती काळजीचं श्रेय क्वचितच मिळालं असेल.

यंदा म्हटलं, व्हॉल्ट लावून टाकू. ओटीपी आधारच्या नंबरवर जाणार होता आणि तो नंबर काकांचा. आधारची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत झाली. पुढे ते लोण गावोगाव पोचलं तेव्हा घरात मोबाइल एकच होता, आणि काकांनी दोघांच्याही अर्जावर तोच नंबर घातला. तो फोन मावशी अजून रिचार्ज करते. केंद्रावर जाऊन नंबर बदलून घे, असं मी सुचवून पाहिलं होतं. “कशाला? चालू आहे की,” म्हणाली.

कपाटात फोन वाजला. मावशीने चष्मा शोधला, फोन घेऊन खिडकीशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून वाचू लागली. मी कीबोर्डवर बोटं ठेवून थांबलो.

“सांग, मावशी.”

“काय सांग?”

“सहा आकडे.”

तिने फोन पदराआड धरला. चाळीस जणांच्या वर्गात कॉपी पकडणारी नजर माझ्यावर रोखली.

“यांच्या फोनवर आलाय. आणि खाली स्पष्ट लिहिलंय, कुणालाही सांगू नका. ऊठ तिथून, मी टाकते.”

मी उठलो.

“आणि तिकडे तोंड कर,” ती म्हणाली.