परतीची वाट

आमच्या पेठेतील वाचनालयाचे संकेतस्थळ रचून देण्याची कामगिरी, संगणकाचे चार धडे गिरवल्याच्या अपराधाबद्दल, जेव्हा मजवर सोपवण्यात आली, तेव्हा प्रत्येक पानावर ‘मागे जा’ असा एक दुवा असावा, एवढीच किरकोळ सूचना अध्यक्षांनी केली. आणि महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालवलेल्या गृहस्थाची कोणतीही सूचना किरकोळ नसते, हे मला फार उशिरा उमगले.

वस्तुस्थिती अशी की, सर्व्हर नामक कारकून कितीही तत्पर असला तरी जन्मतः विस्मरणशील आहे. पान हाती दिले की मागणाऱ्याचा चेहराही तो विसरतो. आपण कोठून आलात हे त्याला कळते ते केवळ ब्राउझरने मागणीसोबत जोडलेल्या ‘रेफरर’ नामक एका ओळीच्या हवाल्यावरून. संगणकतज्ज्ञ फिलिप हॅलम-बेकर यांनी ही ओळ सुचवली तेव्हाच तिच्या इंग्रजी नावातला एक ‘आर’ गळाला होता; १९९६ साली एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर-सर्व्हरमधील संभाषणाच्या नियमांच्या, १.० आवृत्तीच्या दस्तऐवजात ती चूक यथास्थित रुजू झाली, आणि तेव्हापासून हे नाव जो शुद्ध लिहील त्याच्या हाती काहीच लागत नाही. शुद्धलेखनापायी बालपणी ज्याने छड्या खाल्ल्या, त्याला याहून मोठा दिलासा तो कोणता!

तर ती ओळ पीएचपी या सर्व्हरच्या भाषेत वाचून मी ‘मागे जा’ला जोडली आणि निश्चिंत झालो. तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनी घरी बोलावले.

“अहो, यादीवरून पुस्तकाच्या पानावर गेलो. मागे जा म्हटले, यादी आली. तिथे पुन्हा मागे जा म्हटले, तर पुन्हा तेच पुस्तक! सकाळपासून या दोहोंत येरझारा घालतो आहे. मुखपृष्ठ राहिले कुठे?”

दोष उघड होता. आपण माघारी फिरलो असे वाचकाला वाटले, तरी सर्व्हरच्या लेखी ते नवे आगमनच. सबब यादीला विचारले, पाहुणे कोठून आले, तर ती बापडी खरेच सांगणार, पुस्तकाकडून! वाटेतल्या मुक्कामांची खरी नोंद वाचकाच्या घरी, ब्राउझरच्या स्वतःच्या बाणाखाली असते. आमच्या दफ्तरी तिचा मागमूस नाही. पत्ता थेट टंकून आलेल्याजवळ तर ती ओळही नसते, आणि एखाद्या लबाडाने खोटी लिहून पाठवली, तरी हा कारकून तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

अध्यक्ष मुळीच रागावले नाहीत. “या मेजावरून त्या मेजावर अर्जदाराला आम्हीही पुष्कळ हिंडवला,” ते म्हणाले, “पण संध्याकाळी निदान ‘उद्या या’ तरी म्हणत असू.”

त्याच रात्री ती सारी चतुराई मी पुसून टाकली. आता पुस्तकाखाली ‘यादीकडे’ आणि यादीखाली ‘मुखपृष्ठाकडे’ असे दोन साधे, अचल दुवे आहेत. नमुन्याच्या कागदावर अध्यक्षांनी शेरा मारला : ‘पाहिले. हरकत नाही.’